जाहीरनामा आणि कायदा : इंग्लंडांतील एका युद्धकाळाची कथा

इतिहासाच्या तासाला एका विद्यार्थ्यानें मला एकदां विचारलें, “राजानें जाहीरनामा काढला म्हणजे तोच कायदा झाला ना? मग पार्लमेंट कशाला हवें?” प्रश्न साधा होता, पण त्याचें उत्तर तासाच्या उरलेल्या पांच मिनिटांत देतां येण्यासारखें नव्हतें. आपल्याला आज्ञा करण्याचा अधिकार कोणाला, व तो कोठपर्यंत, हाच वस्तुतः त्या प्रश्नाचा गाभा आहे; आणि युद्धाच्या दिवसांत तर तो अधिकच बिकट होतो. शत्रु दारांत उभा असतां वादविवाद करीत बसण्यास वेळ कोणाला असतो? अशा वेळीं एकाच माणसाच्या हातीं सर्व सत्ता द्यावी, असें पुष्कळांस वाटूं लागतें. इ. स. १६८९ पासून १६९७ पर्यंत इंग्लंडचें फ्रान्सशीं जें युद्ध चाललें, त्या काळांत या प्रश्नाचा निकाल कसकसा लागत गेला, हें येथें सांगण्याचा विचार आहे.

प्रथम दोन्ही शब्दांचे अर्थ नीट ध्यानांत घेतले पाहिजेत. जाहीरनामा म्हणजे राजानें आपल्या प्रिव्ही कौन्सिलच्या, अर्थात् खास सल्लागार मंडळाच्या, सल्ल्यानें काढलेली व राज्याची मोठी मोहोर लावलेली घोषणा. ती सरकारी मुद्रकाकडून मोठ्या कागदावर छापून घेत, ‘लंडन गॅझेट’ या सरकारी पत्रांत प्रसिद्ध करीत, आणि गांवोगांवीं बाजाराच्या चौकांत ती मोठ्यानें वाचून दाखविली जाई. जरूर पडल्यास एका दिवसांतहि ती निघूं शके. कायद्याची वाट याहून लांबची. त्याचा मसुदा कॉमन्स व लॉर्ड्स या दोन्ही सभांपुढें तीन तीन वेळां वाचला जाई, त्यावर वाद होई, दुरुस्त्या होत. आणि दोन्ही सभांची व शेवटीं राजाची संमति मिळाल्यावरच त्याला कायद्याचें स्वरूप येई. जाहीरनाम्याचा गुण त्वरा, कायद्याचा गुण विचार. जाहीरनाम्यांत एकट्या राजाचा आवाज, तर कायद्यांत राजा व पार्लमेंट या दोघांचा.

या दोहोंमधील सीमा कोठें आंखावी, यासाठीं इंग्लंडांत दीडशें वर्षें झगडा चालला होता. आठव्या हेन्रीनें १५३९ सालीं पार्लमेंटकडूनच असा कायदा करून घेतला कीं, राजाचे जाहीरनामे कांहीं मर्यादेंत कायद्याप्रमाणेंच पाळावे. पण त्याच्या मृत्यूनंतर १५४७ सालीं तो रद्द झाला. पहिल्या जेम्सच्या कारकीर्दींत १६१० सालीं न्यायाधीश सर एडवर्ड कोक व त्याचे सहकारी यांनीं या बाबतींत प्रसिद्ध निर्णय दिला. जें कृत्य पूर्वीं गुन्हा नव्हतें, तें राजा केवळ जाहीरनामा काढून गुन्हा ठरवूं शकत नाहीं, असा त्याचा आशय. असलेल्या कायद्याची लोकांस आठवण देणें, तो मोडल्यास शिक्षा होईल अशी ताकीद देणें, आणि कायद्यानें राजाच्या हातीं ठेवलेले अधिकार चालविणें, एवढेंच जाहीरनाम्याचें खरें काम ठरलें.

दुसऱ्या जेम्सनें ही सीमा ओलांडली. १६८७ सालीं, व पुन्हां १६८८ सालीं, त्यानें घोषणा काढून धर्मविषयक कायद्यांचा अंमल आपल्याच अधिकारांत तहकूब केला. त्या घोषणेंत निरनिराळ्या पंथांच्या लोकांस उपासनेची मोकळीक दिलेली होती, हें विसरतां कामा नये. ती गोष्ट मुळांत वाईट नव्हती. परंतु जो राजा आज एक कायदा आपल्या इच्छेनें तहकूब करितो, तो उद्यां दुसराहि करील, ही भीति लोकांच्या मनांत होती. ही घोषणा चर्चमध्यें वाचण्याची आज्ञा मागें घ्यावी अशी विनंति करणाऱ्या सात बिशपांवर राजानें खटला भरला. पण ३० जून १६८८ रोजीं ज्यूरीनें त्यांस निर्दोष ठरविलें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत ऑरेंजचा विल्यम सैन्यासह इंग्लंडांत उतरला, डिसेंबरांत जेम्स फ्रान्सला पळून गेला, आणि १६८९ च्या फेब्रुवारींत विल्यम व त्याची पत्नी मेरी यांस राज्य देण्यांत आलें. त्या वर्षअखेर मंजूर झालेल्या हक्कांच्या कायद्यांत तीन गोष्टी स्पष्ट नमूद झाल्या: पार्लमेंटच्या संमतीवांचून राजानें कायदा तहकूब करणें, कर बसविणें, किंवा शांततेच्या काळीं देशांत खडें सैन्य ठेवणें बेकायदेशीर होय. (या लेखांतील इंग्लंडमधील तारखा त्या काळच्या इंग्रजी पंचांगाप्रमाणें आहेत; वर्षाचा आरंभ मात्र आजच्याप्रमाणें जानेवारीपासून धरला आहे.)

नव्या व्यवस्थेची परीक्षा लगेच आली. फ्रान्सचा राजा चौदावा लुई यानें जेम्सचा पक्ष घेतला होता. ७ मे १६८९ रोजीं विल्यम व मेरी यांच्या नांवें फ्रान्सविरुद्ध युद्धाची घोषणा झाली. युद्ध किंवा तह करणें हा राजाचाच अधिकार मानलेला असल्यामुळें त्यासाठीं कायद्याची जरुरी नव्हती. पण युद्ध पुकारणें निराळें आणि युद्ध चालविणें निराळें. सैन्याला शिस्त हवी, आणि सैन्याला पैसा हवा. या दोन्ही गोष्टी जाहीरनाम्यानें मिळण्यासारख्या नव्हत्या.

शिस्तीचा प्रश्न तर युद्धाच्या घोषणेपूर्वींच उभा राहिला. मार्च १६८९ मध्यें हॉलंडला जाण्याचा हुकूम झालेल्या एका स्कॉटिश पलटणीनें इप्सविच येथें बंड केलें व आपण जेम्सच्या बाजूचे आहों असें जाहीर केलें. पाठलाग होऊन ती शरण आली. परंतु बंडखोर शिपायांस लष्करी न्यायसभेपुढें उभें करून देहान्त शिक्षा देण्याचा अधिकार कोणत्या कायद्यानें मिळतो, असा पेंच पडला. तेव्हां पार्लमेंटनें एप्रिलांत बंडाविषयींचा कायदा घाईनें मंजूर केला. परंतु घाईंतहि एक सावधगिरी राखली: कायद्याची मुदत त्याच वर्षाच्या १० नोव्हेंबरपर्यंतच ठेवली. मुदत संपण्यापूर्वीं पुन्हां पार्लमेंटपुढें यावें लागे, नाहीं तर लष्करी शिस्तीचा आधारच नाहींसा होई. कांहीं खंड वगळतां हा कायदा पुढें सुमारें दोनशें वर्षें अशाच थोड्या थोड्या मुदतीनें नवा होत राहिला. तरवार राजाच्या हातीं दिली, पण ती म्यानांत घालण्याची तारीख पार्लमेंटनें आपल्या हातीं ठेवली, असें म्हटल्यास चालेल.

मग जाहीरनाम्यांना कांहीं कामच उरलें नाहीं काय? तसें मुळींच नाहीं. या आठनऊ वर्षांत जाहीरनाम्यांचा सुकाळच होता. पार्लमेंटचें अधिवेशन बोलावणें, पुढें ढकलणें किंवा विसर्जित करणें, खलाशांस आरमारांत दाखल होण्यास बोलावणें, फरारी संशयितांस पकडून देणारास बक्षीस लावणें, हें सर्व जाहीरनाम्यानेंच होई. युद्धांत यश मिळावें म्हणून उपासाचे व प्रार्थनेचे दिवस ठरविले जात, आणि विजय मिळाल्यावर उपकारस्तुतीचा दिवस नेमला जाई, तोहि जाहीरनाम्यानेंच. दूरच्या खेड्यांतील ज्या शेतकऱ्यानें राजाला कधीं पाहिलें नव्हतें, त्याला युद्धाची वार्ता चर्चमध्यें वाचलेल्या अशा पत्रकांतूनच कळे. जून १६९० मध्यें बीची हेडजवळ फ्रेंच आरमारानें इंग्रज व डच आरमाराचा पराभव केला, तेव्हां विल्यम आयर्लंडांत होता व राणी मेरी लंडनमध्यें कारभार पाहत होती. आतां शत्रु किनाऱ्यावर उतरणार अशी धास्ती पसरली. त्या बिकट प्रसंगीं राणीनें धीरानें राज्य सांभाळलें. परंतु राजाच्या गैरहजेरींत तिनें कारभार चालवावा, हा अधिकारसुद्धां त्याच वर्षीं पार्लमेंटनें कायदा करून दिलेला होता, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आतां पैशाकडे वळूं. या युद्धांत इंग्लंडच्या बाजूनें सरासरी सुमारें पाऊण लक्ष सैनिक व चाळीस हजार खलाशी पोसावे लागत. एवढा खर्च राजाच्या नेहमींच्या उत्पन्नांतून निघणें अशक्य होतें. म्हणून १६८९ पासून दरवर्षीं पार्लमेंट भरवावेंच लागलें. पार्लमेंटनें जमिनीच्या उत्पन्नावर पौंडामागें चार शिलिंग, म्हणजे एक पंचमांश, कर बसविला. १६९५ सालीं मंजूर केलेल्या एका कायद्यानें जन्म, विवाह व दफन यांवर कर बसला; पंचवीस वर्षांवरील अविवाहित पुरुषांनाहि दरवर्षीं कर द्यावा लागे. फ्रान्सशीं युद्ध जोरानें चालविण्यासाठीं हा कर आहे, असें त्या कायद्याच्या नांवांतच लिहिलेलें होतें! १६९४ सालीं दुसऱ्या एका कायद्यानें बारा लक्ष पौंडांचें कर्ज शेंकडा आठ व्याजानें उभारण्याची तजवीज झाली. सुमारें बारा दिवसांत सर्व रक्कम भरली गेली, आणि २७ जुलै १६९४ रोजीं राजाच्या सनदेनें बँक ऑफ इंग्लंडची स्थापना झाली. येथें कायदा व राजाची सनद यांचें नातें चांगलें दिसून येतें. सनद राजानें दिली खरी, पण तिचा पाया कायद्यानें घातलेला होता. सावकारांनीं पैसे दिले ते राजाच्या शब्दावर नव्हे, तर व्याजासाठीं पार्लमेंटनें कायद्यानें बांधून दिलेल्या करांवर.

जाहीरनामा व कायदा यांनीं एकत्र काम कसें केलें, आणि त्याची झळ कोणाला लागली, हें नाण्यांच्या प्रकरणावरून उत्तम कळतें. जुनीं चांदीचीं नाणीं हातोड्यानें ठोकून केलेलीं असल्यामुळें लबाड लोक त्यांच्या कडा कातरून चांदी काढून घेत. या गुन्ह्यास देहान्त शिक्षा असूनहि कातरण्याचा धंदा थांबेना. १६९५ च्या सुमारास पुष्कळ नाणीं वजनानें निम्म्यावर आलीं होतीं, आणि सोन्याच्या गिनीचा भाव तीस शिलिंगांपर्यंत चढला होता. १९ डिसेंबर १६९५ रोजीं जाहीरनामा निघाला, व त्यांत कातरलेलीं नाणीं कोणत्या तारखेपासून व्यवहारांत चालणार नाहींत हें टप्प्याटप्प्यानें ठरवून दिलें. पण तोटा कोणीं सोसावा? हें ठरविण्याचा अधिकार जाहीरनाम्याला नव्हता. जानेवारी १६९६ मध्यें पार्लमेंटनें कायदा केला कीं, तोटा सरकारनें सोसावा, आणि ४ मेपर्यंत सरकारी करांच्या भरण्यांत हीं नाणीं पुऱ्या किंमतीनें घ्यावीं. ही तूट भरून काढण्यासाठीं घरांवर व खिडक्यांवर कर बसविण्यांत आला. प्रत्येक घरास दोन शिलिंग; दहा ते वीस खिडक्या असल्यास आणखी चार, आणि त्याहून अधिक असल्यास आणखी आठ शिलिंग. कर चुकविण्यासाठीं लोकांनीं खिडक्या विटांनीं बुजविल्या. युद्ध संपलें, पण हा कर १८५१ पर्यंत टिकला.

यांतील न्याय व अन्याय दोन्ही पाहण्यासारखे आहेत. ज्याला मोठा कर भरावयाचा होता, त्या जमीनदाराचीं कातरलेलीं नाणीं पुऱ्या किंमतीनें खपलीं. परंतु ज्या मजुरापाशीं अशीं दोनचार नाणीं होतीं व ज्याला सरकारांत थेट कर भरावयाचाच नव्हता, त्यानें काय करावें? त्यानें तीं कमी भावानें दुसऱ्याला विकावीं, किंवा घरांत ठेवून उपाशी राहावें. मे महिन्यांत जुनें नाणें बंद झालें आणि नवें पुरेसें बाहेर पडलेलें नव्हतें. तेव्हां बाजारांत मोठी चणचण पडली. सर आयझॅक न्यूटन याच वसंत ऋतूंत टांकसाळीचा अधिकारी झाला, व ब्रिस्टल, चेस्टर, एक्झिटर, नॉर्विच आणि यॉर्क येथें नव्या टांकसाळी उघडल्या गेल्या. हळूहळू नवें, कडेला रेघा असलेलें नाणें सर्वत्र पसरलें व देशाची पत सांवरली. पण कायदा सर्वांसाठीं एक असला तरी त्याचें ओझें सर्वांच्या खांद्यांवर सारखें पडतेंच असें नाहीं.

याच १६९६ सालीं कायद्याची आणखी कठीण परीक्षा झाली. फेब्रुवारींत राजा विल्यमला लंडनजवळ टर्नहॅम ग्रीन येथें ठार मारण्याचा कट उघडकीस आला. लगोलग जाहीरनामा निघाला व कटवाल्यांस पकडून देणारास प्रत्येकीं एक हजार पौंडांचें बक्षीस लागलें. जाहीरनाम्याची त्वरा येथें उपयोगी पडली, यांत शंका नाहीं. परंतु आरोपी पकडले गेल्यावर त्यांचा न्याय कायद्यानेंच व्हावयास पाहिजे होता. नेमका त्याच वेळीं पार्लमेंटनें राजद्रोहाच्या खटल्यांविषयीं एक उदार कायदा केला होता: आरोपीस वकील देतां यावा, आरोपपत्राची प्रत त्याला आधीं मिळावी, आणि दोन साक्षीदारांवांचून त्याला दोषी ठरवूं नये. हा कायदा २५ मार्च १६९६ पासून लागू व्हावयाचा होता. सर विल्यम पार्किन्स या आरोपीचा खटला निघाला २४ मार्चला! त्यानें वकील मागितला. उद्यांपासून जो हक्क सर्वांना मिळणार, तो आज मला कां नको, असें त्याचें म्हणणें. न्यायाधीश होल्टनें उत्तर दिलें कीं, आम्हीं आजच्या कायद्यानें चाललें पाहिजे. पार्किन्स दोषी ठरला व एप्रिलांत फांशीं गेला. एका दिवसाचें अंतर माणसाच्या आयुष्यांत केवढें असूं शकतें!

पुढची गोष्ट याहून विचार करावयास लावणारी आहे. सर जॉन फेन्विक या दुसऱ्या आरोपीविरुद्ध दोन साक्षीदार होते. त्यांपैकीं एकाला पैसे देऊन फ्रान्सला पळविण्यांत आलें. आतां नव्या कायद्याप्रमाणें त्याला शिक्षा होणें शक्य नव्हतें. तेव्हां पार्लमेंटनें काय केलें? त्या एकट्या माणसाला मृत्युदंड देणारा स्वतंत्र कायदाच मंजूर केला. कॉमन्स सभेंत १८९ विरुद्ध १५६ व लॉर्ड्स सभेंत ६८ विरुद्ध ६१ मतें पडलीं, आणि २८ जानेवारी १६९७ रोजीं त्याचा शिरच्छेद झाला. मेजर जॉन बर्नार्डी व त्याच्याबरोबरचे कांहीं कैदी यांची तऱ्हा तर आणखी निराळी. त्यांच्यावर खटला चालवण्याइतका पुरावाच नव्हता. म्हणून त्यांस खटल्यावांचून अटकेंत ठेवण्याचे कायदे पार्लमेंट एकामागून एक करीत गेलें. राजे बदलले, राणी आली आणि गेली, युद्ध केव्हांच संपलें. परंतु बर्नार्डी १७३६ सालीं न्यूगेटच्या तुरुंगांतच मरण पावला. चाळीस वर्षें! राजाच्या जुलुमास आळा घालण्यासाठीं ज्या सभेनें एवढें झगडून हक्क मिळविले, तिच्याच हातून हें घडलें. बहुमतानें मंजूर झाला म्हणून कायदा आपोआप न्याय्य होत नाहीं.

या काळच्या एका जाहीरनाम्याचा संबंध आपल्या किनाऱ्याशींहि पोहोंचतो. सप्टेंबर १६९५ मध्यें हेन्री एव्हरी नांवाच्या इंग्रज चांच्यानें, मक्केच्या यात्रेहून सुरतेस परत येणारें औरंगझेब बादशहाचें ‘गंज-इ-सवाई’ हें जहाज लुटलें. यात्रेकरूंचे अतोनात हाल झाले, आणि बादशाही अधिकाऱ्यांनीं सुरतेच्या इंग्रज वखारींतील लोकांस कैदेंत टाकलें. जुलै १६९६ मध्यें एव्हरीला पकडून देणारास पांचशें पौंड बक्षीस लावणारा जाहीरनामा निघाला. विल्यम त्या वेळीं युद्धासाठीं परदेशांत होता व मेरी १६९४ च्या डिसेंबरांत वारली होती. म्हणून राजाच्या वतीनें कारभार पाहणाऱ्या लॉर्ड्स जस्टिसेसनीं तो काढला. एव्हरी कधींच सांपडला नाहीं. त्याच्या सांपडलेल्या साथीदारांपैकीं सहाजणांवर ऑक्टोबरांत लंडनला खटला चालला, तेव्हां ज्यूरीनें त्यांस निर्दोष सोडलें! सरकारनें मग दुसऱ्या आरोपावर पुन्हां खटला भरला व पांचजणांस फांशीं दिलें. जाहीरनामा माणसाला चांचा म्हणूं शकतो. त्याला दोषी ठरवणें त्याच्या हातीं नाहीं, हें या प्रकरणांत सरकारलाहि शिकावें लागलें.

१६९७ च्या सप्टेंबरांत रिस्विकचा तह होऊन युद्ध थांबलें. जाहीरनाम्यानें २ डिसेंबर हा उपकारस्तुतीचा दिवस ठरला, व त्या दिवशीं लंडनच्या नव्या सेंट पॉल मंदिरांत पहिली उपासना झाली. देशावर सुमारें एक कोटी सदुसष्ट लक्ष पौंडांचें कर्ज राहिलें होतें. विल्यमची इच्छा होती कीं, लुईचा भरंवसा नाहीं, यास्तव मोठें सैन्य कायम ठेवावें. पार्लमेंटला तें पटलें नाहीं. १६९९ सालीं कायदा होऊन इंग्लंडांत केवळ सात हजार सैनिक उरले, आणि राजाच्या आवडीच्या डच रक्षकांनाहि परत जावें लागलें. राजा इतका दुखावला कीं, राज्य सोडून हॉलंडला जाण्याचा विचार त्याच्या मनांत आला. पण त्यानें त्या कायद्याला संमति दिली. ज्यानें आठ वर्षें रणांगणावर सैन्य चालविलें, त्यानें सभागृहापुढें मान लवविली. माझ्या मतें विल्यमच्या विजयांत हा विजय लहान नव्हे.

आपल्याकडे ‘जाहीरनामा’ हा शब्द उच्चारला कीं १८५८ चा राणीचा जाहीरनामा आठवतो. तो १ नोव्हेंबरला वाचला गेला. परंतु ज्या कायद्यानें कंपनीची सत्ता संपून राज्य राणीकडे गेलें, तो त्यापूर्वींच २ ऑगस्टला पार्लमेंटांत झालेला होता. लोकांच्या स्मरणांत घोषणा राहिली. सत्ता बदलली ती कायद्यानें. आणि १९५० सालीं अंमलांत आलेल्या आपल्या भारतीय संविधानांतहि हाच जुना धडा उतरला आहे. युद्ध, परचक्र किंवा सशस्त्र बंड यांमुळें राष्ट्रपति आणीबाणीची उद्घोषणा करूं शकतात. पण संसदेच्या दोन्ही सभागृहांनीं ती मान्य न केल्यास तिचा अंमल संपतो. मान्यतेची ही मुदत पूर्वीं दोन महिन्यांची होती. १९७८ च्या घटनादुरुस्तीनें ती एक महिन्याची झाली.

तेव्हां माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर असें: नाहीं बाळा, राजाचा जाहीरनामा म्हणजे कायदा नव्हे. जाहीरनामा हा घंटेसारखा आहे. आग लागली असतां ती वाजलीच पाहिजे. पण घर कसें बांधावें हें घंटा सांगत नाहीं. तें काम कायद्याचें. आणि कायदा करणाऱ्यांवर कोणाची नजर असावी, असें विचारशील, तर न्यूगेटच्या तुरुंगांत चाळीस वर्षें बसलेल्या त्या म्हाताऱ्याची आठवण ठेव. ती नजर तुझी, माझी, सर्व नागरिकांची असली पाहिजे. इतिहासाच्या पुस्तकांतील सनावळ्या पाठ करण्याचा खरा उपयोग तोच.